महाग टायर घेतला म्हणजे उन्हाळ्यात फुटणार नाही? प्रीमियम टायरचा सेट निवडताना नेमकं काय बघायचं?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावाकडे, देवदर्शनाला किंवा लग्नाला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. त्याच सुमारास 'टायर फुटून अपघात' अशा बातम्याही वाढतात. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला. या रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे भर उन्हात, तासन् तास एकाच वेगाने टायर पळवायचा. २०२३ मध्ये तर परिवहन विभागाने गोटा झालेल्या टायरच्या गाड्या समृद्धीवर जाण्यापासून अडवायला सुरुवात केली होती.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ८ हजारांना असलेला टायर आधी १०,२४० रुपयांना पडायचा, तो आता ९,४४० ला पडतो. चार टायरमागे ३,२०० रुपये वाचतात. त्यामुळे 'वाचलेल्या पैशात जरा वरच्या ब्रँडचा टायर घेऊन टाकू' असा विचार अनेकजण करतात.

पण वरचा ब्रँड म्हणजे जास्त सुरक्षित टायर, हे गणित बरोबर आहे का?

'समर टायर' ही भानगड काय आहे?

हा शब्द मुळात युरोपातला. तिथे उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. साधारण ७ अंशांच्या खाली तापमान गेलं की समर टायरचं रबर कडक होतं आणि रस्त्यावरची पकड कमी होते. म्हणून जर्मनीत राहणारे लोक ऑक्टोबरच्या सुमारास टायर बदलतात आणि ईस्टरनंतर पुन्हा समर टायर चढवतात.

आपल्याकडे कारला बसवले जाणारे बहुतेक टायर याच प्रकारात मोडतात. त्यामुळे दुकानदार 'हा खास समर टायर आहे' म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर तो काही वेगळं देत नाहीये. शिवाय महाराष्ट्रात मे महिन्यात घेतलेल्या टायरला जूनमध्ये पावसाला तोंड द्यायचं असतं. म्हणूनच ओल्या रस्त्यावरची पकड हा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा निकष ठरतो.

उन्हात टायर फुटतो तो कशाने?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. 'उन्हाने हवा फुगते आणि टायर फुटतो, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची' असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तापमान १० अंशांनी वाढलं की टायरमधला दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो. सकाळी ३३ पीएसआय असलेला टायर ४० अंशांनी तापला, तरी दाब ४० च्या आसपासच जातो. ही वाढ टायर बनवतानाच गृहीत धरलेली असते.

खरा धोका कमी हवेत आहे. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या वाकण्याने टायर आतूनच तापतो. त्यात गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा आणि १२० चा वेग. शेवटी रबराचे आणि तारांचे थर एकमेकांपासून सुटतात. जुना, चिरा गेलेला किंवा खड्ड्यात आपटून फुगा आलेला टायर असेल तर हे आणखी लवकर होतं.

म्हणजे कितीही महागडा टायर घेतला आणि हवा कमी ठेवली, तर पैसे वाया. हवा कंपनीने सांगितल्याइतकीच भरायची. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. हवा तपासायची ती टायर थंड असताना. वाटेत टायर गरम झाला म्हणून हवा काढू नका. नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मग प्रीमियम टायरचे जास्तीचे पैसे कशाचे?

मुख्यतः रबराच्या मिश्रणाचे आणि रचनेचे. टायर बनवताना तीन गोष्टींची ओढाताण चालते. ओल्या रस्त्यावर पकड, इंधनाची बचत आणि टायरचं आयुष्य. एक वाढवायला गेलं की दुसरी कमी होऊ पाहते. चांगलं संशोधन असलेल्या कंपन्या हा तोल जास्त नीट साधतात, त्याचे पैसे असतात.

पण एकाच कंपनीचे दोन टायरही वेगवेगळ्या कामाचे असतात. मिशलिनची 'प्रायमसी' मालिका आरामदायी आणि शांत प्रवासासाठी आहे, तर 'पायलट स्पोर्ट' वेगात वळणावर घट्ट पकड देण्यासाठी. ब्रिजस्टोनमध्ये 'तुरान्झा' आणि 'पोटेन्झा', पिरेलीत 'चिंतुरातो' आणि 'पी झिरो' अशीच विभागणी आहे. कुटुंबाला घेऊन सरळ महामार्गावर जाणाऱ्याने स्पोर्ट टायर घेतला, तर बऱ्याचदा टायर लवकर झिजतो आणि ज्यासाठी पैसे मोजले तो गुण कधी वापरातच येत नाही.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा टायरवर '२०५/५५ आर १६ ९१ व्ही' असं लिहिलंय. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या तुलनेत बाजूची उंची किती टक्के आणि १६ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. पुढे काय बघायचं?

• भार: ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलू शकतो. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी क्षमतेचा टायर घेऊ नका.

• वेग: 'टी' म्हणजे ताशी १९०, 'एच' २१०, 'व्ही' २४० किलोमीटर. गाडीसोबत आलेल्या अक्षरापेक्षा खालचं नको. फार वरच्या अक्षरासाठी जास्त पैसे मोजायचीही गरज नाही.

• तापमान: अमेरिकी पद्धतीने 'टेम्परेचर' असं लिहून ए, बी किंवा सी ग्रेड दिलेली असते. वेगात निर्माण होणारी उष्णता टायर किती सहन करतो, हे त्यावरून कळतं. महामार्गावर नेहमी जात असाल तर 'ए' घ्या.

• तारीख: शेवटचे चार आकडे. '२३२४' म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी नको.

'ट्रेडवेअर'चा आकडा मोठा असेल तर टायर जास्त टिकतो, असा अंदाज बांधता येतो. पण ही चाचणी कंपन्या स्वतःच करतात. त्यामुळे दोन ब्रँडची तुलना करताना तो दगडावरची रेघ समजू नये.

स्टार रेटिंगचं काय?

भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं स्टार लेबल टायरलाही मिळतं. ते मुख्यतः इंधन किती वाचेल हे सांगतं. पाच स्टार म्हणजे पावसात सर्वोत्तम पकड, असा त्याचा अर्थ नाही.

पकडीसाठी युरोपचं लेबल उपयोगी पडतं. तिथे ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए ते ई अशी ग्रेड असते. एका ग्रेडचा फरक म्हणजे ताशी ८० च्या वेगातून थांबताना साधारण ३ ते ६ मीटर, म्हणजे एखाद-दुसऱ्या गाडीची लांबी. मॉडेलचं नाव टाकून ही ग्रेड शोधता येते. फक्त तुमच्याच साइझची ग्रेड बघा, कारण साइझ बदलला की ग्रेडही बदलू शकते.

मग निर्णय कसा घ्यायचा?

रोज शहरातच फिरणं असेल, तर मध्यम किमतीचा, नवीन तारखेचा आणि योग्य साइझचा टायर पुरेसा आहे. महिन्यातून दोन-तीनदा महामार्ग किंवा घाट असेल, तर पावसात चांगली पकड असलेल्या प्रीमियम टूरिंग टायरवर केलेला खर्च सार्थकी लागतो. गाडी ताकदवान असेल आणि तशी चालवली जात असेल, तरच स्पोर्ट टायरचा विचार करा.

बजेट दोनच टायरचं असेल तर नवे टायर मागे बसवा. मागची पकड सुटली की ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं कठीण जातं.

कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचांमध्ये त्यासाठी छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळा तोंडावर असेल, तर तितकी वाटही बघू नका.

आणि प्रवासाला निघायच्या सकाळी, गाडी घराबाहेर काढण्याआधी, चारही टायरची आणि स्टेपनीची हवा तपासा. टायर पाच हजारांचा असो की पंधरा हजारांचा, हे काम चुकवून चालणार नाही.