आठवणींचा गल्ला, भाषेचे भांडवल

‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला. त्याचा थ्रीडी उत्तरभाग २०१३ मध्ये. दरम्यान २००४ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे निवर्तले. तरीही रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू पडद्यावर परतला. उत्तरभागांच्या व्यवसायाचे मर्म हेच: पालक तिकीट काढून मुलांना स्वतःचे बालपण दाखवतात.

मात्र आठवण भाषेवाचून पुढच्या पिढीकडे जात नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत कलबुर्गी जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तेथील निंबर्गासारख्या गावात कन्नड शाळेत शिकणाऱ्या मराठी घरातील मुलाला तात्या विंचूचा विनोद आधी समजावून सांगावा लागतो. जुन्या बाहुल्यावर आज गल्ला भरेलही. पण या मुलांच्या बालपणात नवा मराठी चित्रपटच नसेल, तर उद्या उत्तरभाग कशाचा काढणार?