मुलांच्या झोपेसाठी कायदा केला आणि माइनक्राफ्ट ‘फक्त प्रौढांसाठी’ झाला! कोरियात नेमकं काय घडलं?

५ मे हा दक्षिण कोरियातला बालदिन. २०२० साली कोरोनामुळे मुलांना राष्ट्राध्यक्षांच्या ‘ब्लू हाऊस’मध्ये बोलावता येत नव्हतं. मग तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांच्या कार्यालयाने शक्कल लढवली. ब्लू हाऊसच माइनक्राफ्ट या गेममध्ये उभारलं आणि मुलांना तिथे फिरायला बोलावलं.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, त्याच देशात बातमी आली की पीसीवरचा माइनक्राफ्ट ‘जावा’ खेळायचा असेल तर वय किमान १९ हवं. हा गेम म्हणजे मुख्यतः ठोकळे रचून घरं आणि गावं उभारायचा खेळ. जुगार नाही, अश्लीलता नाही. सरकारनेही त्यावर बंदी घातलेली नव्हती. तरी मुलं बाहेर.

हे कसं झालं ते समजून घेणं आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. कारण भारतात २०२७ मध्ये लागू होणारे नियम आपल्याला याच वळणावर आणू शकतात.

रात्री १२ वाजता लॉगआऊट

गोष्ट सुरू होते २०११ मध्ये. कोरियाच्या संसदेने ‘युवक संरक्षण कायद्या’त दुरुस्ती केली आणि २० नोव्हेंबर २०११ पासून १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ या वेळेत ऑनलाइन गेम खेळायला मनाई झाली. लोकांनी याला ‘सिंड्रेला कायदा’ म्हणायला सुरुवात केली. बाराचा ठोका पडला की खेळ संपला.

हेतूवर शंका घ्यायचं कारण नव्हतं. कोरियातली मुलं शाळा आणि क्लासेस उरकून रात्री उशिरा कम्प्युटरसमोर बसतात आणि झोपतच नाहीत, ही पालकांची तक्रार खरी होती. तिथे गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ असतात, म्हणजे तासावर पैसे देऊन गेम खेळायची जागा. पण सरकारातच या कायद्यावरून रस्सीखेच होती. कुटुंब आणि लैंगिक समानता खात्याला कायदा हवा होता. गेम उद्योगाला प्रोत्साहन देणारं संस्कृती खातं मात्र फारसं उत्सुक नव्हतं.

कायदा सांगत होता की मुलांना रात्री खेळू देऊ नका. पण हे पाळायचं कुणी? पालकांनी नाही, मुलांनी नाही, कंपन्यांनी. आणि त्यासाठी कंपनीला आधी कळायला हवं की स्क्रीनसमोर बसलेली व्यक्ती कोण आहे आणि तिचं वय किती.

कोरियन कंपन्यांसाठी हे तुलनेने सोपं होतं. तिथे प्रत्येक नागरिकाला १३ अंकी नोंदणी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले सहा अंक जन्मतारखेचेच असतात. त्या काळी वेबसाइटवर खातं उघडताना हा क्रमांक सर्रास विचारला जायचा. पण परदेशी कंपन्यांचं काय? त्यांना एका देशासाठी, एका वयोगटासाठी, रात्रीच्या सहा तासांसाठी वेगळी यंत्रणा उभारायची होती.

मायक्रोसॉफ्टने त्यापेक्षा सोपा मार्ग निवडला. कोरियात एक्सबॉक्स लाइव्हची सेवा फक्त प्रौढांसाठी ठेवली. १६ वर्षांखालच्यांना रात्री रोखण्याऐवजी १९ च्या खालच्या सगळ्यांना दिवसभर रोखलं. सतरा वर्षांच्या मुलाला या कायद्याने हातही लावला नव्हता, तरी तो बाहेरच.

बरीच वर्षं याची फारशी चर्चा झाली नाही, कारण कोरियात कन्सोलपेक्षा पीसी गेम्सचं प्रस्थ मोठं आहे. मग मायक्रोसॉफ्टने माइनक्राफ्टची जुनी खाती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांवर हलवायला घेतली आणि एक्सबॉक्सचा नियम आपसूक माइनक्राफ्टला लागला. थोडक्यात, २०११ च्या कायद्याने २०२१ मध्ये भलत्याच गेमची दारं बंद केली.

ज्यांच्यासाठी कायदा केला, ती मुलं झोपली का?

फारशी नाही. नंतरच्या अभ्यासांमध्ये झोपेच्या वेळेत पडलेला फरक अगदी किरकोळ दिसला. आई किंवा आजोबांचा नोंदणी क्रमांक टाकला की मुलगा कागदोपत्री प्रौढ व्हायचा. २०१२ मध्ये तर एक १५ वर्षांचा व्यावसायिक खेळाडू स्टारक्राफ्ट २ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा सामना खेळत असताना मध्येच या कायद्याच्या कचाट्यात सापडला होता.

त्यात मोबाइल गेम्सना या कायद्यातून सूट होती. २०११ मध्ये ते चालून गेलं. दहा वर्षांनी मुलं पीसीवरून फोनकडे वळली होती आणि कायदा रिकाम्या खुर्चीवर पहारा देत होता.

प्रकरण कोर्टातही गेलं होतं. २०१४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कायदा वैध ठरवला. मुलांची झोप आणि निकोप वाढ जपण्यासाठी असा निर्बंध घालता येतो, असं बहुमताचं म्हणणं होतं. म्हणजे कायदा न्यायालयात टिकला आणि व्यवहारात हरला. माइनक्राफ्टवरून संताप उसळला तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने तो रद्द करण्याची घोषणा केली. १ जानेवारी २०२२ पासून तो इतिहासजमा झाला. त्याऐवजी, मुलाने कोणत्या वेळेत खेळावं हे पालकांनी कंपनीला कळवून ठरवायची जी दुसरी सोय आधीपासून होती, तीच ठेवली.

चीनने उलटा रस्ता धरला

कोरिया कायदा गुंडाळत होता, त्याच सुमारास चीनने तो आवळला. १ सप्टेंबर २०२१ पासून चीनमधल्या १८ वर्षांखालील मुलांना ऑनलाइन गेम खेळायला फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ हा एक तास मिळतो. खरं नाव आणि ओळख क्रमांक दिल्याशिवाय लॉगिन नाही.

मुलांनी मोठ्यांची खाती वापरायला, अगदी भाड्याने घ्यायलाही सुरुवात केली. त्यावर टेन्सेंटने उपाय काढला चेहरा स्कॅन करण्याचा. खातं प्रौढाच्या नावावर असेल आणि रात्री बराच वेळ खेळ चालू असेल, तर चेहरा दाखवा. नकार दिला तर तुम्ही लहान मूल समजले जाणार. मुलांना अडवायचं तर मोठ्यांचीही तपासणी करावी लागते, ही या कायद्यांची सगळ्यात कमी बोलली जाणारी बाजू आहे.

याआधीच्या, २०१९ च्या चिनी निर्बंधांवर २०२३ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेविअर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. ७ अब्जांहून अधिक तासांच्या खेळाचा डेटा तपासूनही अतिखेळ कमी झाल्याचा विश्वासार्ह पुरावा संशोधकांना मिळाला नाही. अर्थात, त्या डेटात मुलं आणि प्रौढ वेगळे करता येत नव्हते आणि तो २०२१ च्या कडक नियमांबद्दलही नव्हता.

मग भारतात काय होणार?

आपल्याकडे आतापर्यंतचा अनुभव ‘एक घाव दोन तुकडे’ प्रकारचा आहे. मार्च २०१९ मध्ये राजकोटमध्ये पब्जी खेळल्याबद्दल पोलिसांनी विद्यार्थ्यांना अटक केली होती. २०२० मध्ये केंद्राने पब्जीवर बंदी घातली, पण कारण मुलं नव्हती, देशाची सुरक्षा होती. नंतर बीजीएमआय या नावाने आलेला गेम पुन्हा बंद होऊन मे २०२३ मध्ये परतला, तेव्हा १८ खालच्यांना दिवसाला ३ तास आणि बाकीच्यांना ६ तास अशी मर्यादा होती. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैशांच्या खेळांवर सगळ्यांसाठीच बंदी घालतो. मुलांनी साधे गेम किती वेळ खेळावेत, हे तो सांगत नाही.

खरा बदल येतोय तो गेमिंगच्या नव्हे, डेटाच्या कायद्यातून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण ‘बालक’ आहे. त्याचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. चुकल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि या तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिने दिलेत. म्हणजे साधारण मे २०२७.

पाळतीवरची बंदी मला या कायद्यातला सगळ्यात कामाचा भाग वाटते. मूल कधी कंटाळतं, कोणत्या क्षणी ‘स्किन’ विकत घेतं, हे टिपूनच तर गेम त्याला धरून ठेवतात. इथे ओझं कंपनीच्या धंद्यावर पडतं.

संमतीबद्दल मात्र धाकधूक आहे. पालकाची ओळख आणि वय कंपनीकडे आधीच असलेल्या माहितीवरून, पालकाने स्वतः दिलेल्या तपशिलावरून किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेच्या टोकनवरून पडताळता येईल. पण अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो. तो आईच्या नावावर, मुलाच्या हातात. ओटीपी आला तर तो वाचणारं मूलच असतं.

शिवाय कायदा ७ वर्षांच्या आणि १७ वर्षांच्या मुलाला एकाच मापाने मोजतो. २०० कोटींचा दंड समोर असताना पडताळणीची यंत्रणा उभारायची, की ‘१८ खालच्यांसाठी नाही’ अशी पाटी लावून मोकळं व्हायचं, हा हिशोब मे २०२७ पर्यंत प्रत्येक गेम कंपनीला करावा लागेल. पाटी लावण्याचा खर्च खूप कमी आहे.