बोलीचे अभ्यासक आले, तर बौद्धवाडीनेही बोलावे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली आणि प्राकृतलाही तो मिळाला. रोह्याजवळच्या कुडा लेण्यांत माळ्याचे दान प्राकृतात कोरलेले आहे. ते दगडावर राहिले, म्हणून आज वाचता येते. आज पेण-रोह्याच्या वाड्यांवर बोलली जाणारी भाषा मात्र माणसांना विचारूनच नोंदवावी लागते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे असे सर्वेक्षण हाती घेतले. अभ्यासकांचे प्रश्न साधे असतात. या वस्तूला काय म्हणता? या नात्याला काय म्हणता? चित्रफितीत काय घडले ते सांगा. उत्तरे ध्वनिमुद्रित होतात आणि त्यावरून बोलींचे नकाशे तयार होतात.

पण हे प्रश्न विचारले कोणाला जातात? ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठी खंड १९०५ साली निघाला. त्याचे नमुने बहुतांशी सरकारी अधिकाऱ्यांमार्फत जमवले गेले. पुढे १९६०च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी बोलींवर पुस्तकमाला केली. त्यातले एक पुस्तक आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या कुणबी बोलीवर आहे. ते झाले हे चांगलेच झाले. पण गावात एकच बोली नसते, हे त्याच्या नावातूनच कळते.

पेणचा आगरी माणूस 'गाडी'ला 'गारी' म्हणतो. कातकरवाडीची बोली आणखी वेगळी. मुरुड तालुक्यातल्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा तिच्यावरचा ग्रंथ १९९६ साली आला. गावकऱ्यांनी वेळ दिल्याशिवाय असे काम होत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. वही घेऊन पाहुणा आला की आपण 'शुद्ध' बोलू लागतो. त्याला कारणही आहे. ज्या बोलण्यावरून शाळेत हसले गेले, कचेरीत जात ओळखली गेली, ते परक्यासमोर कोण उघडे करील? पण मग नोंद होते ती शाळेतल्या मराठीची, आपली नव्हे.

१९५६ नंतर आपल्या घरांत वंदना, मंगल परिणय, जलदान विधी हे शब्द रुळले. कोणते जुने शब्द आपण ठरवून सोडले, कोणते नकळत गेले? धर्मांतराच्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. हे सांगणारे आणखी किती वर्षे भेटतील?

म्हणून आम्हाला वाटते, अभ्यासकांना मदत करावी, पण डोळे उघडे ठेवून. ध्वनिमुद्रणाआधी त्याचा उपयोग काय होणार ते विचारावे. संमतीशिवाय नाव छापू देऊ नये. मुद्रणाची एक प्रत विहारात ठेवायला मागावी. आणि पाटलाच्या ओटीवरूनच गावाची बोली लिहून नेऊ नका, बौद्धवाडीत आणि कातकरवाडीतही या, बायांनाही विचारा, असे स्पष्ट सांगावे.

अभ्यासक येण्याची वाटही पाहायला नको. मोबाइल घरोघरी आहे. या वर्षावासात विहारातल्या तरुणांनी आजी-आजोबांचे बोलणे, त्यांना विचारून, नोंदवायला घ्यावे.