ओसरले म्हणजे बरे झाले नव्हे

तरुण बाईचा एक डोळा दुखून अंधूक होतो, काही आठवड्यांत पुन्हा दिसू लागते. वर्षभराने पाय बधिर पडतो, तोही सावरतो. तापीच्या खोऱ्यातल्या निंबोल्यासारख्या गावात याला अशक्तपणा म्हणतात, नाहीतर लकव्याचा झटका. आणि श्रेय जाते त्याच सुमारास घेतलेल्या काढ्याला किंवा उतरवलेल्या नजरेला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजाराचे नाव निघालेच, तर तो थंड मुलखाचा आजार, इथे कुठून येणार, असे उत्तर मिळते.

विषुववृत्तापासून दूरच्या देशांत हा आजार जास्त, हे खरे. पण कमी म्हणजे नाहीच, असे नव्हे. डॉ. नोशीर वाडिया यांच्या १९९० च्या अभ्यासात मुंबईच्या पारशांमध्ये लाखामागे सुमारे २६ रुग्ण आढळले. पारशांचा वंशच निराळा, अशी हरकत कोणी घेईल. पण २०१४ मध्ये दमट, उष्ण मंगळूरमध्येही लाखामागे सुमारे ८ रुग्ण आढळले. म्हणजे ऊन पुरते संरक्षण देत नाही. उलट, आजार झालेल्याचे अंग तापले की इजा झालेल्या मज्जातंतूंतून संदेश अडखळतात आणि जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. नेत्रतज्ज्ञ ऊथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवले. अशा वेळी शरीर थंड करावे, घाबरू नये. तो नवा हल्ला नसतो.

काढ्याच्या यशाचे कारणही आजारातच आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. सूज उतरली की सुरुवातीची लक्षणे बहुधा आपोआप ओसरतात. मग जवळ असलेला कोणताही उपाय गुणकारी ठरतो. डॉक्टरांचे स्टिरॉइडही याला अपवाद नाही: त्याने सुधारणा लवकर होते, पुढचा हल्ला टळत नाही. खरी कसोटी औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन गटांच्या तुलनेची. १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा हे औषध त्या कसोटीला उतरले. हल्ले सुमारे एक तृतीयांशाने घटले. नंतरची काही औषधे त्याहून प्रभावी ठरली.

आजार समूळ जात नाही, मग खर्च कशाला, हा आक्षेप उरतो. मधुमेहही जात नाही, म्हणून कोणी साखर मोकाट सोडत नाही. शिवाय लक्षणे नसतानाही एमआरआयमध्ये नवे व्रण दिसतात, आणि गमावलेले तंतू परत येत नाहीत. खर्चाचे म्हणाल, तर तुलनेने स्वस्त असे रिटुक्सिमॅब हे औषध भारतात बनते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजारासाठी ते अत्यावश्यक औषधांत घेतले. जंतुसंसर्गाचा धोका असल्याने ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे. तेव्हा दृष्टी किंवा हातपाय दिवसभराहून अधिक काळ बिघडले, तर नंतर सुधारले तरी तारीख लिहून ठेवावी आणि मज्जातंतुतज्ज्ञाला गाठावे. उपचाराचा सर्वाधिक लाभ याच सुरुवातीच्या काळात मिळतो, आणि नेमका तोच काळ आपण बरे वाटण्याच्या समाधानात घालवतो.