सुट्टी कोणाची, क्रूस कोणाचा?



वेस्ट इंडीजकडच्या गयाना देशात उत्तम शुक्रवारी सार्वजनिक सुट्टी असते, तशीच ईस्टरनंतरच्या सोमवारीही असते. त्या सोमवारी जॉर्जटाऊनच्या समुद्रकाठी आकाश पतंगांनी भरून जाते. वर चढणारा पतंग म्हणजे उठलेला प्रभू, असे तिथले ख्रिस्ती सांगतात. १८३८ पासून ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांचे हिंदू-मुसलमान वंशजही पतंग घेऊन येतात. साऱ्या गावाला सुट्टी, म्हणून साऱ्या गावाचा सण.

आपल्याकडे ईस्टर रविवारीच आटोपतो. सुट्टी मिळते ती शुक्रवारची, आणि तीही सर्वांना नाही. बँका, कचेऱ्या बंद. दुर्गदबैलची बाजारपेठ मात्र चालूच. कापडदुकानातला नोकर, हमाल, हातगाडीवाला, धुणीभांडी करणारी बाई यांना कॅलेंडरातला तांबडा आकडा लागू नाही. खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्यात आपला दुःखसहनाचा विधी दुपारी तीनला. मग बाकांवर दिसतात ते पगारी रजा असलेले. न आलेल्यांबद्दल मात्र "भक्ती कमी झाली" असे सहज बोलले जाते.

कुरेनेकर शिमोन आठवा. तो रानातून येत होता. शिपायांनी त्याला वाटेत धरले आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. मार्क त्याच्या मुलांची नावेही नोंदवतो: आलेक्सांद्र आणि रूफ. शिष्य पांगले होते. प्रभूचे ओझे उचलले ते वाटेवरच्या माणसाने. आज तोच माणूस आपल्या उपासनेबाहेर राहत असेल, तर दोष त्याच्या भक्तीचा नाही, आपल्या घड्याळाचा आहे.

ख्रिस्तसभेचा नियम इथे आड येत नाही. विधी तीनच्या सुमारास व्हावा, पण लोकांच्या सोयीसाठी उशिराही चालतो. फक्त रात्री नऊच्या पुढे नको. क्रुसाच्या वाटेला तर वेळेचे बंधनच नाही. म्हणून माझे मत असे: क्रुसाची वाट पहाटे सहाला, दुकाने उघडण्याआधी व्हावी, आणि मुख्य विधी संध्याकाळी सातला. ज्यांना सुट्टी आहे त्यांनी दुपारी कामावरच्या बंधुभगिनींच्या घरची आजारी, म्हातारी माणसे भेटावीत.

उपास आपण सारेच करतो. रजा असलेल्यांनी यंदा आपल्या सोयीचाही थोडा उपास करावा. धर्मग्रामाच्या पुढच्या सभेत हा विषय जरूर मांडा.