आधी मोजा, मग भाकीत करा

बीड जिल्ह्यात मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. तीव्र नैराश्याच्या रुग्णासोबत आलेला भाऊ किंवा नवरा हमखास विचारतो, "मॅडम, या गोळीनं गुण येईल ना?" गोळीचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात. अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात पहिल्याच औषधाने लक्षणमुक्त झाले ते जेमतेम एक तृतीयांश. बाकीच्यांचे ते आठवडे वाया जातात, कधी जिवावरही बेततात. कोणाला कोणती गोळी लागू पडेल हे मशीन लर्निंगने आधीच सांगावं, असं म्हणूनच मलाही मनापासून वाटतं.

येल विद्यापीठातल्या ॲडम चेकरूड आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये याच अभ्यासाच्या नोंदींवर संगणकाला शिकवलं. रुग्णाला विचारता येतील अशा 25 बाबींवरून गुण येईल की नाही, याचा त्याने सुमारे 65 टक्के वेळा बरोबर अंदाज केला. दुसऱ्या चाचणीतल्या काही रुग्णगटांवर त्याची अचूकता 60 टक्क्यांच्या आसपास आली. पुढे 2024 मध्ये चेकरूड यांच्याच गटाने स्किझोफ्रेनियाच्या पाच चाचण्या तपासल्या. ज्या चाचणीवर यंत्र शिकलं तिथे ते हुशार ठरलं. नव्या चाचणीतल्या रुग्णांवर त्याचे अंदाज योगायोगापेक्षा सरस नव्हते. स्वतःच्या क्षेत्राची मर्यादा त्यांनी जाहीर मांडली, याचा मला आदर वाटतो.

ही मर्यादा माझ्या ओपीडीत रोज दिसते. त्या 25 बाबींत नोकरी आहे का, शिक्षण किती वर्षं झालं, हेही होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने नोकरीपुढे काय लिहायचं? दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल अंगावर घेऊन ती नवऱ्यासोबत कारखान्याला जाते. केसपेपरवर पुढची तारीख पडलेली असते, ती येते थेट उन्हाळ्यात. गोळ्या संपल्या, लागू पडल्या नाहीत, की फडातून सुट्टीच मिळाली नाही? नोंद मात्र एकच: 'आली नाही'. अशा नोंदींवर शिकलेलं यंत्र गरिबीलाच औषधाचं अपयश समजेल.

म्हणून आधी मोजायला लागू. बीजिंगमधल्या 120 रुग्णांच्या 2015 सालच्या अभ्यासात दोन्ही गटांना त्याच दोन औषधांपैकी एक दिलं. एका गटात लक्षणं प्रश्नावलीने नियमित मोजून ठरलेल्या नियमाने डोस बदलला, दुसऱ्यात डॉक्टरांच्या नेहमीच्या पद्धतीने. पहिल्या गटातले सुमारे 74 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, दुसऱ्यातले 29 टक्के. औषधं तीच होती.

नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न मराठीत विचारायला पाच मिनिटं पुरतात. झोप, भूक, उत्साह आणि शेवटी मरणाचे विचार. सरकारी ओपीडीत ते प्रत्येक भेटीला विचारले जावेत. फडावर गेलेल्यांना समुपदेशकाने फोन करून विचारावेत. हे करणारी माणसं आरोग्य विभागाने आधी नेमावीत.

भाकीत करणारं सॉफ्टवेअर घ्यायचंच, तर ते आधी आपल्या जिल्ह्यांतल्या रुग्णांवर तपासून निकाल जाहीर करावा. आणि 'हिला गुण येणार नाही' असं यंत्राने सांगितलं, तर त्या बाईला डॉक्टरचा जास्त वेळ आणि लवकरची तारीख मिळाली पाहिजे. तिचे उपचार आखडते घ्यायला तो अंदाज कधीही वापरता कामा नये.