पाटी कोणाची ते विचारू नका, केवढी आहे ते मोजा

पंढरपूर तालुक्यातले करकंब हे टेंभुर्णीकडून पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवरचे मोठे गाव. इथला व्यापार हंगामावर चालतो. छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागायतदारांना लागणारी औषधे येतात, उन्हाळ्यात रसवंत्या उभ्या राहतात आणि आषाढीच्या आधी संत निवृत्तिनाथ आणि संत एकनाथ यांच्या पालख्यांबरोबर येणाऱ्या वारकऱ्यांसाठी चहा, फराळ आणि रेनकोटची दुकाने सजतात. अशा धंद्याला कायमच्या नामफलकाइतकीच, काही वेळा त्याहून जास्त, गरज असते ती पंधरा दिवसांच्या पाटीची. कापडावर, फळ्यावर किंवा फ्लेक्सवर लिहिलेली ही पाटी दुकानापुढे उभी असते. मात्र ‘फलक हटवा’ अशी मोहीम निघाली की पहिला हात हिच्यावर पडतो. ती जमिनीवर असते, एका माणसाला उचलता येते आणि तिच्यासाठी भांडायला कोणी पुढारी येत नाही. चौकातली शुभेच्छांची कमान मात्र तशीच उभी राहते. तात्पुरत्या फलकांवर नियम असलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो नियम फलकाचा आकार, जागा आणि मुदत मोजणारा असावा. फलक कोणाचा आणि त्यावर काय लिहिले आहे, हे पाहून सवलत देणारा किंवा नाकारणारा नियम अन्याय्य आहे, आणि तो धोकाही कमी करत नाही.

‘सरसकट बंदी घाला’ म्हणणाऱ्यांची बाजू कमजोर नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले आणि १७ जणांचा जीव गेला. त्याआधी १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात होर्डिंगखाली आसरा घेतलेल्यांपैकी पाच जण दगावले होते. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडून चौघांचा मृत्यू झाला. चेन्नईत १२ सप्टेंबर २०१९ रोजी एका राजकीय कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नाचा फलक स्कूटरवरून जाणाऱ्या तरुणीवर पडला, ती रस्त्यावर कोसळली आणि मागून आलेल्या टँकरखाली सापडली. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार आदेश दिले आणि ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकालही दिला. तरीही पुढची अनेक वर्षे न्यायालयाला बेकायदा फलकांबद्दल प्रशासनाला आणि राजकीय पक्षांना जाब विचारावा लागला. एवढे सगळे पाहिल्यावर कोणी म्हणेल की मोजमापाचे नियम करून काही साधत नाही, सगळेच काढून टाका, तर त्या म्हणण्यामागची चीड समजते.

पण हे पुरावे नीट पाहिले तर ते बंदीची बाजू सिद्ध करत नाहीत. घाटकोपरचा फलक १२० फूट लांब आणि १२० फूट रुंद होता. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. म्हणजे मर्यादा १,६०० चौरस फुटांची आणि प्रत्यक्षात फलक १४,४०० चौरस फुटांचा. दुकानापुढची दोन बाय तीन फुटांची पाटी सहा चौरस फुटांची असते, त्या होर्डिंगचा दोन हजार चारशेवा हिस्सा. किवळे आणि पुण्यात माणसे दगावली ती लोखंडी सांगाड्यांखाली. चेन्नईतला फलक हा या सगळ्यांत लहान, पण तो रस्त्याच्या मधोमध, धावत्या वाहनांच्या डोक्यावर बांधलेला होता. प्रत्येक वेळी जीव घेतला तो आकाराने, उंचीने, कच्च्या उभारणीने किंवा चुकीच्या जागेने. या चारही गोष्टी मोजता येतात, डोळ्यांनी पाहता येतात. घाटकोपरचे उदाहरण देऊन रसवंतीची पाटी उचलणारा कर्मचारी सुरक्षिततेसाठी काहीच करत नसतो. उलट, त्या दिवशीचे काम झाले अशी नोंद होते आणि कमान उभीच राहते. बंदीचे समर्थक ज्यांच्यासाठी कळवळून बोलतात, त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा धोका यात तसूभरही कमी होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त पसरलेला आहे आणि म्हणूनच त्याचे खंडन जास्त गरजेचे आहे. जयंती, उत्सव, नेत्याचा वाढदिवस, निवड झाल्याबद्दल अभिनंदन हे सारे सार्वजनिक जीवनाचे फलक आणि दुकानदाराची पाटी पोटासाठीची, तेव्हा पहिल्याला ढील द्यावी आणि दुसऱ्याला द्यायची गरज नाही, असे सांगितले जाते. हाच विचार अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या गिल्बर्ट या गावाने आपल्या नियमांतच लिहून ठेवला होता. तिथे मतप्रदर्शनाचा फलक २० चौरस फुटांपर्यंत चालत असे आणि त्याला मुदत नव्हती. राजकीय फलक त्याहून मोठा, ३२ चौरस फुटांपर्यंत, चालू शकत असे. एखाद्या कार्यक्रमाची वाट दाखवणारा तात्पुरता फलक मात्र सहा चौरस फुटांचाच, तोही कार्यक्रमाच्या १२ तास आधी लावायचा आणि संपल्यावर तासाभरात काढायचा. क्लाइड रीड यांच्या लहानशा चर्चला स्वतःची इमारत नव्हती. प्रार्थना कधी इथे, कधी तिथे होत असे आणि लोकांना जागा कळावी म्हणून पाट्या लावाव्या लागत. गावाने त्यांच्यावर कारवाई केली. १८ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सर्व नऊ न्यायाधीशांनी रीड यांच्या बाजूने कौल दिला. फलकावर काय लिहिले आहे ते वाचून मगच त्याचा आकार आणि मुदत ठरवणारा नियम टिकू शकला नाही. त्या खटल्यातली एक गोष्ट आपल्या खेड्यातल्या व्यापाऱ्याला थेट लागू पडते. ज्याला पक्की जागा नाही, ज्याचा धंदा हंगामापुरता आहे, त्यालाच तात्पुरत्या पाटीची गरज सर्वांत जास्त असते, आणि वर्गवारी करणाऱ्या नियमात सर्वांत कमी जागा त्यालाच मिळते.

अमेरिकेचा निकाल करकंबला कशाला, असे कोणी विचारील. तो बंधनकारक नाहीच. आपल्या राज्यघटनेची रचना वेगळी आहे, तिच्यात स्वातंत्र्याबरोबर वाजवी निर्बंधही लिहिलेले आहेत. पण आपल्याकडचा पायाही पुरेसा भक्कम आहे. टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या १९९५ च्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरात हाही अनुच्छेद १९(१)(क) खालच्या अभिव्यक्तीचा भाग मानला. धंदा करण्याचा हक्क १९(१)(छ) मध्ये आहे आणि त्यावरचे निर्बंध वाजवी असावे लागतात. अनुच्छेद १४ तर समान वागणूकच मागतो. वाढदिवसाच्या दोनशे चौरस फुटांच्या फलकाकडे डोळेझाक करायची आणि त्याच रस्त्यावर सहा चौरस फुटांची पाटी जप्त करायची, यात वाजवी असे काय उरते? इथे गिल्बर्टच्याच खटल्यात न्यायमूर्ती एलेना केगन यांनी दिलेला इशाराही सांगितला पाहिजे. निकालाशी सहमत असूनही त्या म्हणाल्या की इतकी कडक कसोटी सरसकट लावली तर गावागावांतले साधे, समंजस नियमही कोसळतील. ही भीती गंभीरपणे घ्यावी लागते. तिचे उत्तर त्याच खटल्यात न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांच्या स्वतंत्र मतात सापडते. आकार, जागा, दिवे, फलकांची संख्या, एखाद्या कार्यक्रमापुरत्या फलकाची मुदत या सगळ्यांवर नियम करता येतात, असे त्यांनी स्पष्ट केले. पुढे २०२२ मध्ये ऑस्टिन शहराच्या खटल्यात, धंद्याच्या स्वतःच्या जागेवरचा फलक आणि दुसरीकडे लावलेला फलक यांत फरक करणारा नियम मजकूर पाहून केलेला भेदभाव ठरत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मानले.

हा शेवटचा फरक आपल्याला परका नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३२८अ जाहिरातींना आयुक्तांची परवानगी बंधनकारक करते. पण त्याच कलमात, दिवे नसलेला आणि आकाशचिन्ह (इमारतीच्या वर आकाशात उभारलेला फलक) नसलेला फलक जर त्या जागेत चालणाऱ्या धंद्याविषयी किंवा तिथे होणाऱ्या विक्रीविषयी असेल, तर त्याला परवानगीतून सूट दिलेली आहे. म्हणजे मुंबईसारख्या दाटीच्या शहराच्या कायद्यालाही दुकानदाराची आपल्या दारातली साधी पाटी परवानगीच्या योग्यतेची वाटली नाही. मग ग्रामपंचायतीच्या गावात तिच्यावर जास्त कडक हात का पडावा? सरकार दुकानांच्या पाट्यांवरचा मजकूरही ठरवतेच की, असे मराठी नामफलकांच्या सक्तीकडे बोट दाखवून म्हणता येईल. त्या सक्तीला किरकोळ व्यापाऱ्यांनी आव्हान दिले होते आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत देऊन पालन करायला सांगितले. पण तो नियम लहान-मोठ्या सर्व दुकानांना एकसारखा लागतो. कोणाची पाटी राहील आणि कोणाची जाईल, याची निवड तो करत नाही. माझे म्हणणे त्याच समानतेचे आहे.

‘आता सगळे मोबाइलवर चालते, पाट्या कशाला’ या आक्षेपावर फार वेळ घालवायला नको. व्हॉट्सॲपचा निरोप ओळखीच्या गिऱ्हाइकाला पोचतो. पायी चाललेल्या वारकऱ्याला, बाजाराला आलेल्या परगावच्या शेतकऱ्याला तो पोचत नाही. मोठी कंपनी वर्तमानपत्रात जाहिरात देईल. लहान व्यापाऱ्याजवळ आपल्या दारापुढची चार फूट जागाच असते.

दुकानदारांची बाजू घेताना त्यांचे दोषही झाकता येणार नाहीत. स्टँडबोर्ड रस्त्यात पुढे पुढे सरकवला जातो आणि पायी जाणाऱ्या बाईला, शाळेच्या मुलाला वाहनांच्या वाटेत उतरावे लागते. झाडाला खिळे ठोकले जातात, विजेच्या खांबाला तारेने फलक बांधले जातात, वळणावर समोरचे वाहन दिसत नाही. संपलेल्या सेलचा फाटका फ्लेक्स महिनोन्महिने लोंबत राहतो. ‘दुकान माझे, रस्ता माझा’ हे म्हणणे तितकेच चूक आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण हटवण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने ग्रामपंचायतीला दिलेला आहे आणि तो दुकानदारावरही वापरला पाहिजे. फक्त तो कमानीच्या खांबांवरही वापरला जावा. रस्ता अडला की अडला, मग तो भजीच्या पाटीने असो की नेत्याच्या छायाचित्राने.

करकंबच्या ग्रामसभेपुढे ठेवता येईल असा नियम एका कागदावर मावेल. स्वतःच्या दुकानाच्या हद्दीत, बारा चौरस फुटांपर्यंतची, दिवे नसलेली, जमिनीवर किंवा भिंतीला टेकवलेली पाटी पंधरा दिवस ठेवायला परवानगी नको आणि शुल्कही नको. त्याहून मोठा किंवा स्वतःच्या जागेबाहेरचा प्रत्येक फलक, मग तो कोणाचाही असो, लेखी अर्जाशिवाय लागणार नाही. अर्जांचे शुल्क सर्वांना एकच आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर न देता अर्ज पडून राहणार नाही. झाड, विजेचा खांब, वळण आणि रस्त्यावरून आडवी कमान या जागा सर्वांनाच बंद. प्रत्येक फलकावर लावणाऱ्याचे नाव आणि काढण्याची तारीख छापलेली असावी. निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ ने फार पूर्वीपासून केलेली आहे, तेव्हा हे काही अशक्य मागणे नव्हे. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहेच. कापडी आणि रंगवलेल्या पाट्यांना प्राधान्य दिले तर गावातल्या रंगाऱ्यांनाही काम मिळेल.

उरतो तो सर्वांत खरा आक्षेप. नियम लिहिणे सोपे, पण मोठ्या माणसाचा फलक उतरवायला ग्रामपंचायत अधिकारी धजावणार कसा? हा प्रश्न काल्पनिक नाही, रोजचा आहे. पण आजच्या व्यवस्थेत ग्रामपंचायत अधिकाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतःच्या मर्जीने निर्णय घ्यावा लागतो, आणि मर्जी आली की दडपण येते. फलकावर तारीख छापलेली असेल आणि मर्यादा फुटांत लिहिलेली असेल, तर तो कोणाचा अपमान करत नाही, फक्त टेप लावतो आणि तारीख वाचतो. हे होऊ शकते याचा पुरावा दर निवडणुकीला मिळतो. आचारसंहिता लागली की सरकारी जागांवरचे राजकीय फलक २४ तासांत, इतर सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खासगी जागांवरचे बेकायदा फलक ७२ तासांत काढण्याची मुदत निवडणूक आयोगाने घातलेली आहे. त्या दिवसांत तेच कर्मचारी, त्याच शिड्या घेऊन, गल्लीतल्या कार्यकर्त्यापासून मंत्र्यापर्यंत सर्वांचे चेहरे उतरवतात आणि गावात दंगा होत नाही, कारण नियम सर्वांना एक आहे हे सर्वांना माहीत असते. ग्रामपंचायतीला मनुष्यबळ कमी आहे हे खरे. पण जिच्याविषयी अर्जच लागत नाही ती छोटी पाटी वगळली, की तपासायला उरतात ते मोजके मोठे फलक, आणि ते लांबूनही दिसतात. ग्रामसभेने ठराव करावा, तो चावडीवर लावावा आणि मोजायला सुरुवात चौकातल्या सर्वांत मोठ्या फलकापासून करावी.